राणी लक्ष्मीबाईंची बाल्यांतील अश्वप्रीति : पुराव्याची छाननी

झांशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचें नांव घेतांच महाराष्ट्रांतील आबालवृद्धांच्या डोळ्यांपुढें घोडा उभा राहतो. पुतळा असो, चित्र असो कीं शाळेंतील धडा असो, घोड्यावांचून बाईंची मूर्ति सहसा कोणी कल्पीत नाहीं. या घोड्याचा आरंभ चरित्रकार बाईंच्या बाल्यापर्यंत नेऊन पोंचवितात. ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठुरास, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयानें वाढणारी मोरोपंत तांब्यांची मनू लहानपणींच नानासाहेबांबरोबर घोड्यावर बसूं लागली, त्यांच्याशीं शर्यती लावूं लागली, अशी ती कथा होय. कथा गोड आहे. पण गोडी हा पुरावा नव्हे. या मुलीस घोड्यांचा नाद कोठें लागला, कोणाच्या संगतीनें लागला, तो कसा वाढला असावा, आणि त्याविषयीं उपलब्ध साधनांवरून काय म्हणतां येतें, एवढाच प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखांत घेतला आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु थोर माणसांच्या बाल्याच्या कथा बहुधा त्यांच्या मृत्यूनंतर जन्मास येतात. शेवटाचा प्रकाश आरंभावर पाडून लिहिलेल्या अशा कथांत मूल कोठें संपतें व पुतळा कोठें सुरू होतो, हें कळेनासें होतें. शिवाय या एका घोड्याच्या प्रश्नांत बाईंच्या जन्मसालाचा वाद गुंतलेला आहे, व तो सोडविल्यावांचून पुढें पाऊल टाकतां येत नाहीं. म्हणून प्रथम साधनें, नंतर साल, व मग घोडा, या क्रमानें आम्ही जाणार आहों.

१. साधनें.

मराठींत बाईंचें पहिलें विस्तृत चरित्र दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं इ. स. १८९४ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढील बहुतेक लेखकांनीं बाल्याची हकीकत घेतली ती प्रत्यक्ष वा परंपरेनें याच ग्रंथांतून घेतली. बाईंच्या मृत्यूस तोंवर छत्तीस वर्षें लोटलीं होतीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

दुसरें साधन वरसईचे वेदमूर्ति विष्णुभट गोडसे यांचें ‘माझा प्रवास’. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार असें ऐकून गोडसे इ. स. १८५७ मध्यें उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, व इ. स. १८५८ च्या झांशीच्या वेढ्यांत शहरांतच होते. या ग्रंथाविषयीं संग्राहकांनीं एक सावधगिरी बाळगली पाहिजे. चिंतामण विनायक वैद्य यांनीं इ. स. १९०७ मध्यें छापलेला पाठ हा मूळ पाठ नव्हे. वैद्यांनीं त्यांत भाषेचे व मांडणीचे फेरफार केले होते. मूळ हस्तलिखित पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळांत आलें, व दत्तो वामन पोतदार यांनीं तें इ. स. १९६६ मध्यें मुद्रित केलें. यास्तव गोडशांचा आधार घेणारानें पोतदारांची प्रत जवळ ठेवल्यावांचून लेखणी उचलूं नये.

तिसरें साधन जॉन लँग या वकिलाचें प्रवासवर्णन. खालसा झालेलें संस्थान परत मिळविण्याच्या खटपटींत सल्ला घेण्यासाठीं बाईंनीं इ. स. १८५४ मध्यें त्यास झांशीस बोलाविलें होतें. त्याचें पुस्तक इ. स. १८५९ मध्यें निघालें. चौथें साधन फॅनी पार्क्स या इंग्रज बाईचें प्रवासपुस्तक, मुद्रण इ. स. १८५०. यांत मनूचा नामोल्लेखही नाहीं. तरी आमच्या प्रश्नापुरतें तें फार मोलाचें आहे, तें कसें हें पुढें येईल.

२. जन्मसाल.

पारसनीस यांच्या ग्रंथांत बाईंचा जन्म काशी येथें शके १७५७ कार्तिक वद्य १४, ता. १९ नोव्हेंबर १८३५ रोजीं झाल्याचें दिलें आहे. गणित करून पाहतां ही तिथि व ही तारीख यांचा मेळ बरोबर बसतो. दुसरे दिवशीं, ता. २० नोव्हेंबर १८३५ रोजीं, अमावास्या होती. मेळ बसला म्हणजे साल खरें ठरलें असें मात्र नव्हे. तिथीवरून तारीख मागाहूनही काढतां येते.

याच्या उलट लँगची साक्ष. बाईंच्या वकिलानें त्यास बाईंचें वय सव्वीस-सत्तावीस वर्षांचें सांगितलें होतें. हें इ. स. १८५४ मधील बोलणें असल्यामुळें जन्म इ. स. १८२७-२८ च्या सुमाराचा येतो. पारसनीसांचें साल धरल्यास त्या वेळीं बाईंस एकोणिसावें वर्ष चालू असावें. एकोणीस आणि सव्वीस यांत घोटाळा होणें अशक्य नाहीं, पण सांगणारा बाईंच्या पदरचा होता, हेंही विसरतां येत नाहीं.

अलीकडे कित्येक पुस्तकांत ‘१९ नोव्हेंबर १८२८’ अशी जन्मतारीख छापलेली आढळते. ही तारीख आमच्या मतें सर्वथा टाकाऊ होय. तींत दिवस व महिना एका परंपरेचा आणि साल दुसऱ्या परंपरेचें, असा सांधा केलेला आहे. इ. स. १८२८ च्या नोव्हेंबरांत अमावास्या ता. ७ च्या सुमारास झाली, म्हणजे ता. १९ रोजीं कार्तिक शुद्ध द्वादशी-त्रयोदशीचा सुमार होता. त्या वर्षींची कार्तिक वद्य १४ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत पडते. ज्यास इ. स. १८२८ हें साल मान्य असेल त्यानें तारीख सोडली पाहिजे, व ज्यास तारीख हवी असेल त्यानें इ. स. १८३५ हें साल पत्करलें पाहिजे. दोन्ही एका दावणीस बांधतां येणार नाहींत.

विवाहाचें साल इ. स. १८४२ हें सामान्यतः मान्य आहे. जन्म इ. स. १८३५ चा धरल्यास विवाहसमयीं वधूस सातवें वर्ष होतें, व तें त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबांच्या चालीस धरून आहे. जन्म इ. स. १८२८ च्या सुमाराचा धरल्यास वधू तेरा-चौदा वर्षांची होते. त्या काळीं ही गोष्ट असाधारण होती व तिचा उलगडा द्यावा लागेल. येथपर्यंत पारडें पारसनीसांकडे झुकतें, असें कोणीही म्हणेल. आतां घोडा काय सांगतो तें पाहूं.

३. बरोबरीच्या सवंगड्यांची कथा.

नानासाहेब, रावसाहेब, तात्या टोपे व मनू हीं बिठुरास एकत्र खेळलीं, एकत्र घोडीं दौडविलीं, असें चित्र पुष्कळांनीं रंगविलें आहे. या चित्रास सालांची कसोटी लावावी. नानासाहेबांचा जन्म सामान्यतः इ. स. १८२४ चा मानतात. तो आंकडा वादग्रस्त म्हणून बाजूस ठेवला तरी बाजीरावांनीं त्यांस इ. स. १८२७ मध्यें दत्तक घेतलें, यांत संशय नाहीं. तेव्हां पारसनीसांची तिथि खरी असेल तर नानासाहेब मनूहून निदान आठ, आणि बहुधा अकरा वर्षांनीं वडील होते. मनू पांच वर्षांची होऊन प्रथम तट्टावर बसण्याजोगी झाली तेव्हां नानासाहेब सोळा वर्षांचे असावेत. तात्या टोपे यांचा जन्म इ. स. १८१४ च्या सुमाराचा. ते तर त्या वेळीं पंचविशी ओलांडलेले प्रौढ गृहस्थ होते.

पांच वर्षांची मुलगी व सोळा वर्षांचा मुलगा यांची घोड्यांची शर्यत लागणें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. यास्तव आमचें म्हणणें एवढेंच कीं, इ. स. १८३५ चें जन्मसाल आणि बरोबरीच्या सवंगड्यांची कथा या दोन गोष्टी एका चरित्रांत एकत्र नांदूं शकत नाहींत. चरित्रकारानें दोहोंतून एक निवडावी. आजवर बहुतेकांनीं दोन्ही ठेवल्या.

साल कायम ठेवून कथा सोडली, तर जें चित्र उरतें तें कमी रम्य नाहीं. आईचें छत्र लहानपणींच हरपलेली, बापाच्या पाठोपाठ पुरुषमंडळींत वावरणारी एक लहान मुलगी आहे. आणि तिच्यापुढें एक थोरला मुलगा आहे, ज्याच्या दाराशीं घोडे झुलत असतात. ती त्याच्याशीं शर्यत लावीत नाहीं. मान वर करून त्याच्या घोड्याकडे पाहते. लहान मुलाच्या छंदाचा आरंभ बहुधा असाच होतो. जें आपल्याहून फार मोठें व दुसऱ्याचें आहे, त्याचीच ओढ त्यास लागते.

४. अश्वपरीक्षक तिघे.

येथवर सर्व वजाबाकीच झाली. आतां बाईंच्या अश्वप्रीतीविषयीं भरंवशाचा असा जो पुरावा आहे, तो पाहूं. तो बाल्याचा नाहीं, प्रौढ वयाचा आहे, व गोडशांच्या कथनांत आहे. बाईंस व्यायामाचा शौक होता, मल्लखांब व घोडा हे त्यांच्या नित्यक्रमांत होते, हें गोडसे सांगतात. परंतु आमच्या मतें त्याहून महत्त्वाची त्यांची दुसरी नोंद होय. उत्तर हिंदुस्थानांत त्या काळीं घोड्याची परीक्षा करणारीं तीन माणसें नांवाजलेलीं होतीं : नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे, आणि झांशीच्या लक्ष्मीबाई.

ही नोंद पुष्कळ लेखकांनीं बाईंची स्तुति म्हणून उतरून घेतली आहे. पण तिच्यांतील मर्म स्तुतींत नाहीं. तिघांपैकीं दोघें एकाच घरचीं आहेत, हें तिचें मर्म होय. एकानें बिठुरास जन्म घालविला. दुसरीचें बाल्य तेथें गेलें. दोन नामांकित अश्वपरीक्षक एकाच लहानशा वसाहतींतून निघावे हा योगायोग मानण्यापेक्षां त्या वसाहतींतच या विद्येची तालीम होती असें मानणें अधिक सयुक्तिक दिसतें. गोडशांस जन्मसालाचा वाद ठाऊक नव्हता, कीं बाईंच्या बाल्याविषयीं कांहीं सिद्ध करावयाचें नव्हतें. त्यांनीं जातां जातां ऐकीव लौकिक टिपला. आणि अशा हेतुरहित नोंदीस इतिहासांत अधिक मोल असतें.

५. पोथीची विद्या व पाठीवरची विद्या.

ही तालीम कोणत्या जातीची होती, हेंही गोडशांच्याच दुसऱ्या एका गोष्टीवरून ताडतां येतें. एक सौदागर दोन घोडे विक्रीस घेऊन आला. दोन्ही दिसण्यांत सारखेच उमदे होते. बाईंनीं दोघांवर बसून त्यांस फेरून पाहिलें, व एकास भारी मोल आणि दुसऱ्यास अगदींच हलकें मोल सांगितलें. कारण दुसऱ्याची छाती दुखावलेली होती. सौदागरास तें कबूल करावें लागलें. गोष्टींत परंपरेनें कांहीं भर पडली असेल. पण ज्या प्रकारचें ज्ञान तींत वर्णिलें आहे तें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या संग्रहीं शालिहोत्राच्या पोथ्या असतील. जयदत्ताचें ‘अश्ववैद्यक’ व नकुलाच्या नांवावर चालणारें ‘अश्वचिकित्सित’ हे संस्कृत ग्रंथ कलकत्त्यास इ. स. १८८७ च्या सुमारास छापून निघाले. चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’ंत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, घोडे व घोडदौड यांचें प्रकरण आहे. फारसी-उर्दूंत ‘फरसनामे’ आहेत. मराठी दप्तरांतही या विषयाचीं सुटीं पानें वारंवार सांपडतात. या सर्व वाङ्मयांत लक्षणांचा भाग मोठा असतो. भोंवरा कोठें आहे, रंग कोणता, पंचकल्याणी कीं अबलख, कपाळीं टिळा आहे कीं नाहीं, यावरून शुभाशुभ व त्याबरोबर किंमतही ठरत असे. ही विद्या डोळ्यांची असून ती पोथीवरून शिकतां येते.

बाईंची परीक्षा या जातीची नव्हे. दोन्ही घोडे दिसण्यांत सारखे, म्हणजे पोथीनें पाहिलें असतें तर मोलही सारखेंच ठरलें असतें. दोष सांपडला तो पाठीवर बसल्यावर. पाऊल टाकतांना खांदा आंखडतो कीं काय, श्वास कोठें अडतो, वळणावर अंग कोणीकडे टाकतो, हें रिकिबींतील पायास व लगामाच्या हातास कळावयाचें असतें. चाबूकस्वार व मोतद्दार यांच्या संगतींत पुष्कळ काळ काढल्यावांचून तें येत नाहीं. ग्रंथ वाचून झालेली परीक्षक आणि पागेंत वाढलेली परीक्षक यांतील अंतर या एका गोष्टींत स्पष्ट दिसतें.

६. मराठ्यांच्या स्त्रिया व घोडा.

मनूचा घोड्याचा नाद हा स्त्रीजातींत अपवाद होता, व म्हणूनच तो भावी पराक्रमाचें चिन्ह होता, असा सूर चरित्रांतून निघतो. याचा निकाल फॅनी पार्क्सच्या साक्षीनें लागतो. ग्वाल्हेरहून निघावें लागलेल्या बायजाबाई शिंदे इ. स. १८३५ मध्यें गंगाकांठीं फत्तेगड येथें छावणी देऊन राहिल्या होत्या. पार्क्सबाई तेथें त्यांच्या भेटीस गेली. मराठ्यांच्या स्त्रिया घोड्यावर दोहों बाजूंस पाय टाकून बसतात, व इंग्रज बायांच्या एका बाजूस बसण्याच्या रीतीचें त्यांस नवल वाटतें, असें तिनें लिहिलें आहे. बायजाबाईंची नात गजराजासाहेब हिचा घोड्यावर बसण्याविषयीं लौकिक होता. पार्क्सबाई स्वतःही त्यांच्या रीतीनें घोड्यावर बसून आली.

फत्तेगड बिठुराच्या वरच्या अंगास त्याच गंगेच्या कांठीं आहे; आणि पारसनीसांचें साल धरलें तर ही हकीकत मनूच्या जन्मवर्षाचीच आहे. देशांतरास गेलेल्या मराठी घराण्यांत स्त्रियांनीं घोड्यावर बसणें ही त्या काळीं चालती रीत होती, एवढें यावरून निर्विवाद ठरतें. शिंद्यांच्या व पेशव्यांच्या घरच्या चालींत भेद होता, व ब्राह्मण कुटुंबांत ही मोकळीक कमी असावी, हा आक्षेप रास्त आहे. पण घोड्यावर बसलेली मराठी स्त्री ही बिठुराच्या लोकांस अपूर्व वस्तु नव्हती. तेव्हां मनूचा छंद कोणी हटकला नसेल तर त्यांत चमत्कार नाहीं. चमत्कार मानावयाचाच तर तो हा कीं, छंद बालपणाबरोबर मावळला नाहीं.

७. पागेंतील मूल.

दुसरे बाजीराव इ. स. १८१८ मध्यें राज्य सोडून निघाले व पुढील वर्षीं बिठुरास येऊन राहिले. सालीना आठ लक्ष रुपयांची नेमणूक, पदरीं मोठा परिवार, आणि हातीं कोणतेंही राजकारण नाहीं, अशी ती स्थिति होती. अशा दरबारांत राज्याचें वैभव ज्या थोड्या गोष्टींत उरतें त्यांत घोडा मुख्य होय. लढाई नाहीं, मोहीम नाहीं. पण दसरा आहे, स्वारी आहे, शिकार आहे, आणि जुन्या शिलेदारांच्या आठवणी आहेत. बाळंभट देवधरांच्या परंपरेंतील मल्लखांबाची आवडही बाजीरावांच्या मंडळींत होती; बाईंच्या पुढील नित्यक्रमांत मल्लखांब व घोडा हीं दोन्ही जोडीनें येतात, याचें मूळ तेथेंच पाहिलें पाहिजे.

अशा ठिकाणीं लहान मूल घोड्याच्या जवळ कसकसें जातें, हें पागेचा रिवाज ज्यांस ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको. आधीं तें दुरून पाहतें. आगाडी-पिछाडी लावून उभी केलेली रांग, सकाळचा खरारा, तोबरा चढवितांच कान टवकारणारीं जनावरें, हें पाहण्यांत त्याचा प्रहर जातो. मग मोतद्दाराच्या हाताखालून मूठभर दाणा चारावयास मिळतो. त्यानंतर घोड्यांचीं नांवें, रंग, खोडी पाठ होतात. कोणता चावतो, कोणता लाथ झाडतो, कोणास पाण्याचें भय आहे, हें घरांतील वडील माणसांपेक्षां मुलास आधीं कळतें. पुढें कोणी स्वार आपल्यापुढें खोगिरावर बसवून फेरी मारून आणतो. शेवटीं एखादें गरीब तट्टू, लगाम धरून चालणारा माणूस, आणि मग एके दिवशीं लगाम सुटतो. प्रत्येक पायरीस मागील पायरी अपुरी वाटूं लागते. छंद वाढतो तो असा.

मनूच्या बाबतींत या पायऱ्यांचा कागद उपलब्ध नाहीं, व आम्ही तो आहे असें भासवीत नाहीं. हें अनुमान आहे. मात्र तें ‘शर्यतीं’च्या कथेहून अधिक घट्ट पायावर उभें आहे, कारण त्याच्या एका टोकास बिठूरचा परिवार आहे, दुसऱ्या टोकास झांशीची अश्वपरीक्षक राणी आहे, आणि मधला मार्ग पागेंतूनच जाऊं शकतो.

८. बंद अकरा वर्षें.

येथें एक शंका राहते. घोड्याचें ज्ञान बाईंनीं बिठुरास न मिळवितां विवाहानंतर झांशीस मिळविलें असेल काय ? संस्थानास पागा होती, व मोरोपंतही लेकीबरोबर झांशीसच राहिले. परंतु गंगाधरराव कडक स्वभावाचे असून त्यांच्या हयातींत बाईंस वाड्याबाहेर मोकळेपणा नव्हता, असें गोडशांच्या कथनावरून दिसतें. गंगाधरराव ता. २१ नोव्हेंबर १८५३ रोजीं वारले. म्हणजे इ. स. १८४२ पासून जवळजवळ अकरा वर्षें घोड्याचा मार्ग बंद, निदान फार अरुंद होता. वैधव्यानंतर तो पुनः उघडला; आणि तेव्हांपासून वेढ्यापर्यंत जेमतेम सव्वाचार वर्षें मिळालीं. चार वर्षांत चांगलें बसतां येईल. पण सगळ्या प्रांतांत परीक्षक म्हणून नांव होण्यास एवढा अवधि, मागील कांहीं पुंजी नसतां, अपुरा दिसतो. विधवा झालेल्या राणीनें मोकळीक मिळतांच सर्व सोडून घोड्याकडे वळावें, यावरूनही ही ओढ नवी नसून जुनी होती, असेंच म्हणावें लागतें.

मग ती पुंजी किती वर्षांची ? येथें आपण पुनः सालावर येतों. इ. स. १८३५ हें साल खरें असेल तर बिठूर सुटलें तेव्हां मूल साडेसहा वर्षांचें होतें. त्या वयांत नाद लागतो, भीति जाते, आसन बसतें. पण परीक्षा येत नाहीं. इ. स. १८२८ चा सुमार खरा असेल तर तेरा-चौदा वर्षांची मुलगी पागेंतील पुष्कळ विद्या घेऊन सासरीं गेली, असें म्हणतां येईल. अश्वविद्येचा पुरावा अशा रीतीनें लँगच्या पारड्यांत पडतो, व विवाहाच्या चालीचा पुरावा पारसनीसांच्या. घोड्याच्या साक्षीकडे आजवर या दृष्टीनें कोणी पाहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. यापुढें सालाचा विचार करणारानें ती तागडींत घातली पाहिजे, एवढें आमचें मागणें आहे.

९. निष्कर्ष.

वरील विवेचनाचा सारांश येणेंप्रमाणें. ‘१९ नोव्हेंबर १८२८’ ही जन्मतारीख तिथीशीं जुळत नसल्यामुळें ग्रंथांतून काढून टाकावी. इ. स. १८३५ हें साल स्वीकारणारानें बरोबरीच्या सवंगड्यांची व शर्यतींची कथा सोडावी. मनूचें घोड्यावर बसणें हें तत्कालीन मराठी स्त्रियांच्या रीतीस सोडून नव्हतें. बाईंच्या बाल्यांतील अश्वप्रीतीचा बळकट पुरावा बाल्याच्या कथांत नसून गोडशांच्या तीन नांवांत आहे, व तो बिठुराच्या पागेकडे बोट दाखवितो.

या प्रश्नाचा पूर्ण उलगडा करणारा कागद भव्य असण्याचें कारण नाहीं. पागेचा दाणावैरणीचा हिशेब, मोतद्दारांच्या रोजमुऱ्याची यादी, दसऱ्यास कोणाच्या नांवें कोणतें जनावर दिलें याची नोंद, एखाद्या उपाध्यायाच्या घरीं पडलेली जन्मपत्रिकेची नक्कल, यांतील कोणतेंही एक पान पुरेल. ब्रह्मावर्त, काशी व झांशी येथून दक्षिणेस परतलेल्या कुटुंबांच्या रुमालांत असलीं पानें असूं शकतात. आणि राजकीय पत्रें निवडतांना हीं ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात, हा सर्वांचा अनुभव आहे. तट्टाच्या खोगिराची किंवा शिंगराच्या खरेदीची एक ओळ मुलीच्या नांवें निघाली, तर तिचें मोल दहा रम्य कथांहून अधिक होईल. संग्राहकांनीं आपले रुमाल या दृष्टीनें एकवार सोडून पाहावे, व जें हातीं लागेल तें, मजकूर कितीही त्रोटक असो, तिथिमितीसह जसेंच्या तसें प्रसिद्ध करावें, अशी आमची सविनय विनंति आहे.